बेदरचा मुरूम, शहाबादची फरशी आणि गुडघ्याचे कवच

मराठी घरांत बेदर हे नाव प्रथम कानांवर पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. मंगळवेढ्याच्या कोठारातील धान्य दुष्काळात लोकांस वाटून टाकणारे दामाजीपंत, त्यांना बेदरला हजर करण्याचा बादशहाचा हुकूम आणि एका साध्या सेवकाच्या रूपाने दरबारात रक्कम भरून पावती घेणारा पांडुरंग ही कथा बडोद्यापासून बंगळुरापर्यंतच्या आजीबाईंनी नातवंडांना सांगितली आहे. परंतु ती ऐकणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष बेदर पाहिलेले थोडेच. जे येतात ते मोटारीने येतात, किल्ला पाहतात, महमूद गवानाने १४७२ साली उभारलेल्या मदरशाच्या उरलेल्या मनोऱ्यापाशी छायाचित्र काढतात आणि संध्याकाळी हैदराबाद गाठतात. इमारती पाहून होतात. भूमी पाहावयाची राहून जाते. भूमी कळण्यासाठी तिच्यावरून पायी तरी जावे लागते, नाही तर सायकलीने तरी.

आम्ही याच भागातले. सीमेवरील एका सरकारी मराठी शाळेत मुलांना शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला जुन्या हैदराबाद राज्याची विभागणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात गेले आणि बेदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. आमच्या घरातील वडील मंडळी जागची हलली नाहीत. हलली ती केवळ नकाशावरची रेषा. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या बाजारात दखनी असा आमचा त्रिवेणी संसार चालू आहे. गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुर्गी झाले, २०१९ साली सगळ्या प्रदेशास कल्याण कर्नाटक हे नाव मिळाले. पण वाटा जुन्याच राहिल्या, आणि त्या वाटांविषयीच आज लिहावयाचे आहे.

गेली काही वर्षे आम्ही चार शिक्षक आणि वरच्या वर्गांतील दहाबारा मुले-मुली सवड मिळेल त्या रविवारी पहाटे सायकली बाहेर काढतो. या भटकंतीतून एक प्रश्न पुढे आला. गुडघ्यांना आणि कोपरांना बांधावयाचे पॅड कसे निवडावेत, हा तो प्रश्न. विषय क्षुल्लक वाटेल, मुख्याध्यापकाने लेखणी झिजवावी असा तर नव्हेच, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या शाळेतील एका मुलीचे पुढचे शिक्षण काही दिवस याच प्रश्नावर अडून राहिले होते. शिवाय या प्रश्नाचा माग काढता काढता आम्हांस आमचीच भूमी नव्याने कळली.

डोंगरी सायकल ही वस्तू तशी अलीकडची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून खाली येत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. उतरताना मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. पुढील वर्षी जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास सांगाडा तयार केला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार दाखल झाला. आमच्याकडची मुले तिला 'गिअरची सायकल' म्हणतात. सर्वांकडे ती नाही. बहुतेकांकडे साध्या काळ्या सायकली आहेत. काहींच्या घरी थोरल्या भावंडांना शाळेतून मिळालेल्या आहेत; कर्नाटक शासनाने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना मोफत सायकली देण्याची योजना २००६-०७ साली सुरू केली होती, त्या काळच्या. परंतु वाट सायकलीची जात पाहत नाही. पडणाऱ्याला ती सारखेच झेलते.

पठाराची लाल कातडी

बेदर हे एका लाल पठारावर वसलेले शहर. खाली दख्खनचा काळा कातळ आणि वर जांभ्याचा जाड थर, अशी त्याची रचना आहे. कोकणातील वाचकांस जांभा दगड परिचित आहेच. काळा कातळ ऊनपावसात युगानुयुगे कुजला, त्यातील विरघळणारे अंश वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची भर असलेला हा सच्छिद्र दगड मागे राहिला. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात त्यास 'लॅटेराइट' हे नाव दिले. बेदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदून काढलेला आहे. जांभा पाणी पितो. त्याच्या तळाशी चिकण थर लागला की ते पाणी पुढे सरकत पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंहाच्या गुहेतील पाणी, गुरू नानकांच्या नावाने पूजला जाणारा झिरा, पापनाशाचे कुंड ही सारी त्या एकाच जांभ्याची लेकरे. नौबादेजवळ बहमनी काळातील भूमिगत पाटाची उच्छ्वासविवरे रांगेने दिसतात, तीही याच गुणामुळे शक्य झाली.

हे भूशास्त्र आम्ही वर्गात अनेकदा शिकविले होते. त्याचा दुसरा अर्थ अष्टूरच्या उतारावर कळला. शहराच्या पूर्वेस, वेशीपासून अर्ध्या तासाच्या सायकलवाटेवर अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. हुमायूनशहाच्या कबरीवर वीज कोसळून तिचा अर्धा घुमट उघडा पडला आहे. बेदरला राजधानी आणणाऱ्या अहमदशहा वलीच्या कबरीत आतील चित्रकाम अद्याप पाहावयास मिळते, आणि त्याच्या उरुसास मुसलमानांबरोबर लिंगायत जंगमही येतात. तेथे जाताना पठार सोडून खाली सपाटीला उतरावे लागते. मोठा रस्ता टाळून आम्ही गाडीवाटेने उतरतो. ही वाट म्हणजे कठीण जांभ्याच्या पायावर पसरलेला सुटा मुरूम; हरभऱ्याएवढे गोल खडे, त्यांखाली दगडी फरस. चाकाखाली ते मण्यांसारखे घरंगळतात. पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरळ निसटते. उतार लागला की मुले एकमेकांना कन्नडमध्ये ओरडून सांगतात, "निधान, निधान!" म्हणजे सावकाश. हा एक शब्द आमच्या मराठी मुलांनीही आपलासा केला आहे.

या उतारावर आमच्या नववीतील एक मुलगी पडली. वेग फार नव्हता. परंतु मुरमावर पडणे म्हणजे आदळणे नव्हे, किसले जाणे होय. दोन्ही गुडघे व एक कोपर सोलवटून निघाले, आणि लाल खडे कातडीत रुतून बसले. वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने जखम धुऊन एकेक खडा काढावा लागला. ते नीट काढले नाहीत तर कातडीखाली कायमचा डाग राहतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि पंधरा दिवसांत जखमा भरल्या.

खरी जखम निराळीच होती. मुलीची आई शाळेत आली आणि दाराशी उभी राहूनच म्हणाली, "गुरुजी, पोरीची जात हाय. गुडघ्याला डाग राहिला तर उद्या लोक काय म्हनतील? तिची सायकल आता बंद." तिचे गाव शाळेपासून सात किलोमीटर. वेळेवर येणारी बस नाही. सायकल बंद म्हणजे रविवारची भटकंती बंद एवढेच नव्हे, शाळाही बंद. मुलगा पडला असता तर हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला असता. मुलीच्या बाबतीत एका खरचटण्यावर दहावीची परीक्षा टांगलेली असते. आम्ही तिला एवढेच म्हणालो, "बाई, आठ दिवस द्या. पुन्हा पडली तरी गुडघा फुटू नये, अशी काही सोय होते का पाहतो."

बाजारातील चार वस्तू

आठ दिवसांत आम्ही बेदर व कलबुर्गी येथील दुकाने पाहिली, एक शिक्षक हैदराबादेस गेले. 'गुडघ्याचे पॅड' म्हटल्यावर दुकानदार चार अगदी भिन्न वस्तू पुढे ठेवतात, असे आढळले.

पहिली वस्तू औषधाच्या दुकानातील नी-कॅप. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या ती परिचयाची आहे. दुखऱ्या सांध्यास ऊब व आधार देणे हे तिचे काम. पडण्याचा मार झेलण्यास तिच्यात काहीही नसते. मुरमावर ती कापडी मोज्यासारखी फाटते.

दुसरी, कबड्डी व व्हॉलिबॉल खेळणाऱ्यांची स्पंजाची पॅड. मातीच्या किंवा लाकडी मैदानावर ती उत्तम. परंतु तिचे कापड पातळ असते, आणि खेळाडू जसा वाकतो तसा सायकलस्वार वाकत नाही. सायकलस्वार मिनिटाला साठसत्तर वेळा पायडल फिरवितो असे धरले तर तासाभरात एकेक गुडघा सुमारे चार हजार वेळा दुमडतो. कबड्डीतील जो काच खेळाडूस जाणवतही नाही, तोच काच चार हजार वेळा घासल्यावर फोड आणतो.

तिसरी वस्तू लहान मुलांच्या चाकाच्या बुटांबरोबर मिळणारा संच. कठीण प्लॅस्टिकची वाटी, मागे दोन पट्ट्या. गुळगुळीत फरशीवर पुढच्या बाजूस पडणाऱ्यासाठी ती वाटी योग्य आहे. ती घसरते आणि मार वाटून देते. परंतु सायकलवर ती जागेवर टिकत नाही. घसरत चाललेल्या शरीराखाली मुरूम तिला ओढून पोटरीवर नेतो आणि गुडघा उघडा पडतो.

चौथी वस्तू डोंगरी सायकलीसाठीच केलेले पॅड. हे पायमोज्यासारखे वर चढवावयाचे, ताणणाऱ्या जाळीदार कापडाचे असते; समोर जाड, न फाटणारे कापड आणि त्याखाली मऊ गादी. ही गादी साध्या स्पंजाची नसून एका विशेष पदार्थाची असते. ब्रिटनमध्ये निघालेला 'डी३ओ' हे त्यांतील एक परिचित नाव. हळूहळू दाबला तर तो मऊ राहतो, एकाएकी आघात झाला तर त्याच क्षणी घट्ट होतो. मुलांना हे समजावे म्हणून आम्ही प्रयोगशाळेत बशीभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवले. बोट सावकाश घातले तर आत जाते, मूठ मारली तर ते दगडासारखे लागते. संथ चालीत मऊ आणि आघातास कठीण, असा हा गुण एकाच पदार्थात आहे, हे पाहून मुले थक्क झाली. चार हजार वेळा दुमडणाऱ्या गुडघ्यास नेमके हेच हवे असते.

चांगल्या पॅडवर 'ईएन १६२१-१' असा युरोपीय मानकाचा शिक्का असतो. हे मानक मुळात मोटारसायकलस्वारांच्या कवचासाठी तयार झाले. डोंगरी सायकलीच्या पॅडांसही ते लावतात. त्याची चाचणी समजण्यास सोपी आहे. सुमारे ५ किलो वजन १ मीटर उंचीवरून पॅडवर सोडल्यास जेवढा आघात होईल तेवढा द्यावयाचा आणि पलीकडे किती बल पोहोचते ते मोजावयाचे. सरासरी ३५ किलोन्यूटन किंवा त्याहून कमी पोहोचले तर ते पॅड पहिल्या श्रेणीचे, २० किंवा त्याहून कमी पोहोचले तर दुसऱ्या श्रेणीचे. म्हणजे येथे दुसरी श्रेणी ही पहिलीहून वरची. आमच्या परीक्षेच्या निकालाच्या नेमकी उलट. शिक्क्यावरील 'के' हे अक्षर गुडघ्याचे, 'ई' हे कोपराचे.

वाढत्या अंगाचे नको

निवड करताना सगळ्यांत मोठी अडचण आली ती आपल्या एका जुन्या संस्काराची. मराठी घरांत मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेतात. थोरल्याचा सदरा धाकट्यास, परकराला टीप घालून दोन वर्षे पुरवावयाचा, यातच संसाराचे शहाणपण मानले गेले, आणि कपड्यांच्या बाबतीत ते आहेही. पॅडच्या बाबतीत मात्र तेच घातक ठरते. एक माप मोठे पॅड घरात उभे राहिल्यावर ठीक दिसते. घामाने ओले झाले की घसरते, आणि ज्या क्षणी त्याची गरज असते त्याच क्षणी ते जागेवर नसते. सैल कवच हे कवच नव्हे. आजच्या अंगाचेच घ्यावे. मूल वाढले की ते धाकट्याकडे द्यावे, म्हणजे संसाराचे शहाणपणही राखले जाते.

माप घेण्यास शिंप्याची फीत पुरे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून वर दहा ते पंधरा सेंटिमीटरवर मांडीचा घेर आणि खाली पोटरीचा घेर मोजावा. नेमके किती अंतरावर, हे प्रत्येक कारखान्याच्या तक्त्यात दिलेले असते. कोपरासाठी दंड आणि कोपराखालचा हात. 'लहान', 'मध्यम', 'मोठे' या शब्दांवर विसंबू नये. एका कारखान्याचे मध्यम ते दुसऱ्याचे लहान असते आणि विलायती तक्ते विलायती पायांवर बेतलेले असतात. आमच्याकडच्या काटक मुलांच्या पोटऱ्या त्यांत बसविण्यास वेळ लागला.

नंतर पाहावयाचे ते अंगावर घालूनच. आम्ही दुकानांत ज्या कसोट्या लावल्या त्या येथे देतो. पॅड चढवून दहा वेळा उकिडवे बसावे आणि उठावे. ते बोटभरही सरकता कामा नये. खुर्चीवर बसून गुडघा पायडल मारल्यासारखा हलवावा. लवणीत, म्हणजे गुडघ्यामागच्या खळग्यात, कापडाची घडी जमून टोचू नये. तेथे जाळी किंवा मोकळी जागा असलेले पॅड आमच्या हवेत अधिक सुखाचे. वरच्या काठाशी आतून रबरासारखी चिकट रेघ असते, ती कातडीस धरून ठेवते. परंतु काढल्यावर तेथे खोल वळ राहिला तर काठ फार घट्ट आहे. पट्टी असल्यास तिच्याखाली एक बोट जावे, दोन जाऊ नयेत. कोपराचे पॅड घालून सायकलीची मूठ धरावी व ब्रेक दाबावा. बोटांना मुंग्या आल्या तर ते माप सोडून द्यावे. शेवटी हाताने शिवण चाचपावी. आतील जाड शिवण तासाभराने करवतीसारखी लागते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गणवेशाच्या सलवारीवरून पॅड बांधले तर कापडासकट घसरते. ते कातडीलगत, सलवारीच्या आत घालावे, आणि साखळीकडील पायाची मोहरी नाडीने किंवा चिमट्याने घट्ट करावी. बाहेरून कोणास काही दिसत नाही. ही गोष्ट लहान वाटेल. पण 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न ज्या घरात पहिला असतो, तेथे ती निर्णायक ठरते.

फरशीचा मार, काळीचा मार

मुरमावरच्या अनुभवाने सारे कळले असे म्हणावे, तो कलबुर्गी जिल्ह्याने दुसरा पाठ दिला. २०१७ साली बेदर ते कलबुर्गी असा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण झाला. वाटेत हुमनाबाद लागते, जेथून माणिक प्रभूंचे माणिकनगर जवळ आहे; पुढे तांबड्या केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले कमलापूर. कलबुर्गीहून पुढे शहाबाद, चित्तापूर, सेडमकडे निघालो की भूमी पालटते. येथे चुनखडीच्या सपाट फरशा एकावर एक रचल्यासारख्या जमिनीतच पसरलेल्या आहेत. पुण्या-नागपुरापासून इंदूरपर्यंत ज्या 'शहाबादी'वर आपल्या आयांनी रांगोळ्या काढल्या, ती फरशी येथून गेली. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, हेही याच पट्ट्यात, कागिणा नदीकाठी.

या फरशीवर मुरमासारखे किसले जात नाही. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, पण कडा धारदार. खाणींच्या आसपास तुटक्या फरशांचे थर पायऱ्यांसारखे वर आलेले. तेथे पडणाऱ्याचा सारा भार एका कडेवर, गुडघ्याच्या वाटीवर किंवा कोपराच्या टोकावर येतो. या दोन्ही जागी हाडावर मांस नाहीच, नुसती कातडी. म्हणून मुरमावर कापडाचे बळ आणि जागेवर टिकणे महत्त्वाचे, तर फरशीवर गादीची जाडी महत्त्वाची. तेथे दुसऱ्या श्रेणीचे किंवा वर कठीण वाटी असलेले, बाजूंसही गादी असलेले पॅड योग्य.

आणि या दोहोंच्या मध्ये आहे तुरीची काळी जमीन. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच काळीची कमाई. नांगरटीत पडले तर ती आईसारखी झेलते. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात, त्यांत चाक अडकून स्वार एका कुशीवर पडतो. पावसाळ्यात चिखल चाकात गच्च बसून सायकल जागीच उभी राहते. येथे हलके, पातळ पॅड पुरे. मात्र त्याच्या जाळीत कुसळे शिरतात, ती घरी आल्यावर निवडून काढावी लागतात. चिंचोळीच्या बाजूस पुन्हा लाल माती आणि झाडी लागते. तेथील वन्यजीव अभयारण्य २०११ साली घोषित झाले आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीवाचून आत सायकल घालू नये, आणि मुलांना तर नेऊच नये.

तात्पर्य, सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, हा न्याय येथे लागू नाही. आपण कोणत्या भूमीवर पडणार आहोत, हे आधी ठरवावे.

दुसरा विचार उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. थंड देशांत वापरले जाणारे जाड रबरी कापडाचे पॅड आमच्याकडे अर्ध्या तासात घामाने निथळते, मग कातडी मऊ पडून सोलते. जे पॅड उन्हाने काढून पिशवीत ठेवावेसे वाटते, त्याचा उपयोग पिशवीलाच. म्हणूनच 'सुखाचे' हा गुण चैनीचा नव्हे, तो संरक्षणाचाच भाग आहे. आमची मुले चढावर पॅड खाली पोटरीवर सरकवितात आणि उतार लागण्यापूर्वी थांबून वर घेतात. घरी आल्यावर गादी काढता येत असल्यास काढावी, कापड कोमट पाण्यात हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. उन्हात टाकल्यास ताण जातो.

पैसे बेताचेच असतील तर क्रम असा ठेवावा: प्रथम डोक्याचे शिरस्त्राण, त्यात तडजोड नाही, मग हातमोजे, कारण पडताना हात आधी टेकतात, मग गुडघे, कोपर शेवटी. आणि हेही स्पष्ट सांगावयास हवे की पॅड कातडीस व हाडास वाचविते, पिळवटलेल्या सांध्यास नव्हे. गुडघ्याची शीर दुखावली तर वैद्यच गाठला पाहिजे. पॅड बांधले म्हणून उतारावर वेग वाढविणाऱ्या मुलास आम्ही त्या दिवशी सायकल हाती धरून चालावयास लावतो.

आठव्या दिवशी आम्ही मुलीच्या आईस शाळेत बोलावले. टेबलावर दोन पॅड ठेवले होते. शिक्का, श्रेणी, किलोन्यूटन यांतले काही आम्ही तिला सांगितले नाही. तिने एक पॅड उचलले, अंगठ्याने दाबले, आतली शिवण उलटी करून पाहिली आणि विचारले, "घामानं खाज न्हाई ना येनार? खाज आली तर ही पोरगी काढून टाकनार बगा." चार शिक्षकांनी आठ दिवस धुंडाळून जो निष्कर्ष काढला होता, तो त्या बाईने एका प्रश्नात सांगितला. तिनेच निवडलेले, अधिक जाळीचे आणि किंचित पातळ असे पॅड घेतले. खर्च शिक्षकांनी वाटून घेतला. मुलगी दहावीपर्यंत सायकलीवर आली. मध्यंतरी ती आणखी दोनदा पडली. मुलांनी येऊन सांगितले म्हणून आम्हांस कळले, गुडघ्यांवर त्याची खूण नव्हती.

आता शाळेच्या कपाटात अशा पॅडांचे सहा जोड आहेत. वहीत नाव लिहून मुले ते ग्रंथालयातील पुस्तकांसारखे नेतात व धुऊन परत आणतात. आपली नातवंडेही कोठे ना कोठे, पुण्याच्या टेकडीवर, दिल्लीच्या रिजवर किंवा परदेशातील एखाद्या रानवाटेवर, अशा सायकली चालवीत असतील. त्यांना वस्तू घेऊन देताना आधी तेथील माती कशी आहे ते विचारावे, मग फीत हाती घ्यावी. आणि कधी हैदराबादेस येणे झाले तर एक दिवस बेदरसाठी राखून ठेवावा. अष्टूरचा उतार हिवाळ्याच्या सकाळी फार सुंदर दिसतो. सायकल आम्ही देऊ, पॅडही देऊ; मात्र उतरताना "निधान" म्हटले की सावकाश घ्यावयाचे, एवढी शाळेची शिस्त पाहुण्यांसही पाळावी लागेल.